माझ्या खिशातली फ्लॉपी

८ जुलै २००२
शिक्षकांच्या सभेसाठी सुरुवात सुचली : 'शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत संगणक आले आणि थेट कुलपात गेले, हे तुमचं-माझं सगळ्यांचं दुखणं.' मुख्याध्यापकांना वाचून दाखवली. म्हणाले, "भाषण झकास. किल्ली नाही." तासभर भांडलो. मिळाली! दहावीच्या सुनंदाच्या हाती दिली. संगणक तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो, हे वर्गात कबूल केलं. टाळ्या.

१५ जुलै
मुलांनी स्वतः नियम केले, दारावर लावले. पहिला : बाहेरची फ्लॉपी नको, व्हायरस येतो. खाली सगळ्यांच्या सह्या. माझीही. शिकणं मुलांचं आणि माझं, जबाबदारीही दोघांची.

२६ नोव्हेंबर
सभा जवळ आली. भाषण गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत टाइप करून घेतलं, छापायला शाळेत आणलं. सुनंदा आडवी आली. "सर, बाहेरची फ्लॉपी नाय चालत."
"आता तुम्ही आम्हाला शिकवा, बाईसाहेब!"
पोरं हसली. ती बाजूला झाली. घातली फ्लॉपी.

२७ नोव्हेंबर
मशीन सुरूच होईना. मुलांनी संगणकात भरलेली आपापल्या पाड्यांवरच्या झाडांची नावं, त्यांची औषधं, चित्रं, पाच महिन्यांचं काम गेलं. मेकॅनिक म्हणाला, कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस. मु.अ. कडाडले, "किल्ली कुणाकडे होती?" सगळ्या माना सुनंदाकडे, काल हसलेल्या पोरांच्याही. मी दोन हात अंतरावर उभा. कागदाशिवाय दोन तास बोलणारा मी. हात खिशातल्या फ्लॉपीवरच राहिला.

२८ नोव्हेंबर
खोलीला कुलूप. दारावरचे नियम फाडले. ठपका सुनंदावर. परवा तिचे वडील पेठ गावाहून येणार, वसतिगृहातून तिला कायमची घेऊन जायला. जिन्यात भेटली.
"मी तुमचं नाव नाय घेतलं, सर." दोन पायऱ्या उतरली, वळली. "तुमीच सांगाल ना?"
हो म्हणालो.

२९ नोव्हेंबर
मु.अ.च्या दारापर्यंत दोनदा गेलो. दोनदा परत. नोकरीची भीती नाही. पोरांसमोर लहान होण्याची आहे. इतकी वर्षं नुसती तोंडाची वाफ दवडली.
दुपारी मु.अ.नीच बोलावलं. "उद्या प्रार्थनेनंतर पोरांना जबाबदारीवर चार शब्द सांगा. तुमच्याशिवाय कोण?"
ऐका गुरुजी, स्वतःलाच बजावतो. उद्या सुनंदाचे वडील रांगेमागे उभे असतील. दृष्टांत नको, सुभाषित नको. माईकसमोर जा, खिशातली फ्लॉपी वर धरा आणि म्हणा : ही माझी.