कोठीतल्या शेळ्या

३१ डिसेंबर, सकाळी
काल येळवस, म्हणजे येळा अमावस्या. शेतात सगळे कडब्याच्या कोपीसमोर भज्जी-आंबील खाऊन राहिले होते अन आमची शिवांगी दिसंना. हाका मारल्या. बघतो तर कडब्याच्या आड बसून गेमची मशीन दाबून राहिली. मल्लूनं, म्हणजे तिच्या बापानं, हातातून हिसकली. म्हणला, डॉक्टर व्हायला लातूरला ठेवलं, तर ही इथं टुकटुक करती. एक साल पाण्यात गेलं, हे दुसरं. पोरगी आंबीलबी प्याली न्हाई.
मग मशीन माझ्या ओट्यात टाकली. आई, ही तुझ्या राखणीत. परीक्षा होईस्तोवर हिला द्यायची न्हाई. टेस्टमधी नंबर घसरला की खोली बंद, दोघींनी गावाकडं यायचं.
म्हणलं मल्लिकार्जुना, परकर नेसत होते तवापासून शेळ्या राखल्या, एक हरवू दिली न्हाई. ही तर जागची हलत बी न्हाई.

३१ डिसेंबर, दुपारी
लातूरला आलो. पोरगी क्लासला गेल्याबरोबर मशीन ज्वारीच्या कोठीत पुरली, पार कोपरापर्यंत हात घालून. आता देवाला बी सापडायची न्हाई. कोणाला सांगितलं न्हाई. कमरुन्निसा घरमालकीण हाय, वरच राहती, तिला फक्त एवढं सांगितलं की सांगणार न्हाई. ती म्हणली, मत बताओ बाई. मग मलाच चैन पडंना, सांगून टाकलं. तिची नात मनतशा तिथंच बसलेली. शिवूची मैत्रीण. पण ती दिवसभर लॅपटॉप घेऊन बसणारी पोरगी, तिला ज्वारीतलं काय कळतं.

२ जानेवारी
ज्वारीला पोरकिडे होतात. मशीनला लागले असले तर? उद्या मल्लू मलाच बोलंल. म्हणून काढून बघितली. किडे न्हाईत. पुसताना चुकून बटण दाबलं गेलं.
ही मशीन जुनी हाय. शिवूनं नांदेडच्या मकबूलच्या दुकानातून आणली, आधी कोणीतरी वापरलेली. मकबूलनं तिचं आतलं कुलूप काढून दिलंय. कुलूप काढलं म्हणजे कंपनीचेच गेम पाहिजेत असं न्हाई, माणसांनी घरी बसून केलेले गेमबी चालतात. दिवाळीत शिवू सांगत होती तवा मी चकल्या पाडून राहिले होते, तरी ध्यानात राहिलं. एक दुकानची चकली, एक घरची. घरचीच चांगली.
तर एक गेम शेळ्यांचा निघाला. तीन शेळ्या, अन त्यांना कोंडायला काट्याच्या कुंपणाचं एक वाडगं. बाणाची बटणं दाबून शेळ्या वाडग्यात घालायच्या. एवढंच. मला तर हसूच आलं. शेळ्या बंदुकीतून सुटल्यासारख्या सरळ चालतात! ज्यानं केलं त्यानं जन्मात शेळी बघितली न्हाई. सरळ मेंढरं चालतात. शेळीला हिरवं दिसलं की मान वळती.
लगेच ठेवून दिली. म्हणजे भाजी लागल्याचा वास आल्यावर.
जेवताना शिवूला सहज बोलले, मशीनचं नाव न घेता, की शेळी कधी सरळ चालत न्हाई. पोरीनं हातातला घास खाली ठेवला. कशी चालती आज्जी? मग सांगत बसले. अभ्यासात जीवशास्त्र असतं तिला, उपयोगी पडंल.

५ जानेवारी
ठराव: रोज काढायची न्हाई. एक दिवसाआड.
पण बंद ठेवलेली वस्तू आखडती. शिवणयंत्र न चालवता ठेवलं तर तेल गोठतं. तेवढ्यापुरती दहा मिनिटं चालवायची. शिकवणीचा मास्तर बी शिवूला हेच सांगतो, रोजची रोज उजळणी.
मल्लूनं चार्जर गावाकडंच ठेवून घेतलाय, लई शहाणा समजतो. पण मशीन खानदानी हाय. बॅटरी सरतच न्हाई. माझ्या मोबाइलला सकाळ-संध्याकाळ भिंतीला लटकवावं लागतं, अन ही कोठीत पडून भरलेली ती भरलेली.

८ जानेवारी
मशीन शिकून राहिली!
आज शेळ्या सरळ गेल्या न्हाईत. बांधाला हिरवं गवत आलंय नवीन, तिकडं मान वळवतात, गवत संपलं की मग वाडग्याकडं. हुबेहूब. मी खेळते ते मशीन बघत असणार. चांगल्या शागिर्दासारखी गप बसून शिकली.
बसवंना आज. मेथी निवडताना बोटं आपोआप वर-खाली चालून राहिली. कमरुन्निसा वरून बघत होती. क्या केवळाबाई, मेथीला गुदगुल्या करून राहिल्या का? म्हणलं संधिवात हाय. ती म्हणली, मग तेल लावा, हसता कशाला?

१२ जानेवारी, रविवार
शिवूला सुट्टी. मशीन काढता येईना. दिवस खायला उठला. झाडलेलं परत झाडलं. कोठीचं झाकण पुसलं. शिवू म्हणली, आज्जी, कोठीत काय बघतीस सारखी? म्हणलं ज्वारी किती उरली ते. तिनं बी डोकावून बघितलं. म्हणली, उरली की लई. दोघी बघत उभ्या राहिलो जरा वेळ.
मग बाई विषय कसा निघाला, बुगडीचा निघाला. माझी लहानपणची शेळी. काळीभोर, डावा कान कुत्र्यानं फाडलेला. लई इदरकल्याणी. सगळ्या शेळ्या आत गेल्या की ही दाराशी येऊन पाठ फिरवायची. तिला मागून हाणलं तर जायचीच न्हाई, आपण पाठ करून उभं राहिलं तर गुमान यायची. शिवूनं दोनदा विचारलं, पाठ करून म्हणजे किती वेळ? अशा पोरी कुठं राहिल्यात आता, म्हातारीचं ऐकणाऱ्या.

१५ जानेवारी
भाकरी तव्यावर तशीच टाकून लिहाय बसले.
गेममधी काळी शेळी आली. डावा कान फाटका.
सगळ्या आत गेल्या अन ही दाराशी येऊन फिरली. मी बटणं बडवली, जाईना. मग काय वाटलं, हात सोडून बसले. आली की बया आत!
विचार केला. हा गेम कोणीतरी घरी केलाय, पण ते घर कुठं? मशीन जपानची, तर जपानलाच. म्हणजे तिकडंबी एखाद्या म्हातारीची असली शेळी होती, अन तिकडंबी कुत्रे कान फाडतात. जग सगळीकडं सारखंच बगा. उगं परदेश परदेश करतात.
संक्रांतीचा तिळगूळ मशीनला दाखवून मग खाल्ला.

१८ जानेवारी
लोह्याला पुतणीचा साखरपुडा. शिवूला बोलावलं, मलाबी बोलावलं. म्हणलं, मी राखण सोडून कशी येऊ? मल्लू फोनवर म्हणला, आई, तू हाईस म्हणून निश्चिंत हाय. डोळे भरून आले.
एसटी सुटल्या सुटल्या कोठी उघडली. आज दिवसभर आपलीच.

१९ जानेवारी
मशीन मेली.
काल संध्याकाळी खेळता खेळता डोळे मिटले तिनं. हलवली, फुंकली. आज उन्हात पापडाच्या फडक्यावर ठेवली. मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, कारण कमरुन्निसा दोन दिवसांपासून लई बघून राहिली होती. ती स्वतःच दारात आली अन म्हणली, किसकी नजर उतार रहे? म्हणलं तुझीच.
अन्न गोड लागंना. दोनदा पायरीवर बसले, दोनदा उठले.

२१ जानेवारी
काल सांजच्याला शिवू आली. आज ती क्लासला गेल्यावर हळूच कोठी उघडली, अन मशीन जिती! बॅटरी काठोकाठ. ज्वारीची ऊब लागली. म्हणून तर पेवात धान्य टिकायचं.
पण शेळ्यांचं चित्र गायब. तिथं चेपलेल्या डब्यासारखं काहीतरी. दाबलं की मशीन नन्नाचा सूर लावती. पाठीवर मकबूलच्या दुकानाचं लेबल होतं, फोन लावला. नाव सांगितलं न्हाई. म्हणलं, एका बाईची मशीन हाय.
मकबूल म्हणला, अम्मा, बॅटरी पूरी खतम झाली होती का? म्हणलं, त्या बाईची झाली होती. म्हणला, मग घबराव नक्को. कुलूप काढल्यालं ती झोपेत विसरून जाती. उठली की तिला वाटतं, मी कंपनीचीच हाय, घरचा गेम ओळखतच न्हाई. पहिल्या रांगेत पिवळं चित्र हाय, त्याच्यावर फुलीचं बटण दाबा, याद येती. त्या बाईला सांगा.
दाबलं. मशीन एकदा विझली, पेटली, अन शेळ्या आल्या!
आता मी मेकॅनिक बी झाले. मकबूलनं विचारलं, ती बाई उमरनं केवढी हाय? म्हणलं, हाय तरणीच.

२७ जानेवारी, सोमवार
टेस्टचा निकाल. नंबर घसरला. थोडाथोडका न्हाई.
मल्लू फोनवर एवढा ओरडला की फोन कानापासून लांब धरूनबी सगळं ऐकू आलं. येत्या रविवारी येतो म्हणला. खोलीचं बघू म्हणला.
शिवूनं जेवण केलं न्हाई. डोळे लाल असतात पोरीचे हल्ली, सकाळी उठवत न्हाई तिला. मी म्हणलं, लवकर निजत जा. एवढं वाचून वाचून माणसाचा नंबर घसरणारच.
गेमचा काही संबंध न्हाई. गेम माझ्या राखणीत हाय.
ठराव: रविवारपर्यंत मशीनला शिवायचं न्हाई.

२८ जानेवारी
शिवले. चिंता लागली की हाताला काहीतरी लागतं. बाकीच्या बाया जपमाळ ओढतात.

२ फेब्रुवारी, रविवार
मल्लू आला. चहा नको म्हणला. मशीन कुठं हाय म्हणला, मी कोठीकडं बोट केलं, तसा त्यानं कोपरापर्यंत हात घातला, मशीन काढली, उजेडात धरली.
बटणांच्या फटीत पीठ.
म्हणला, पुरलेल्या मशीनला पीठ कसं लागतं? अन शिवूकडं वळला. पुस्तकं बांध. आजच्या आज खोली खाली. बारावीवर झालं तेवढं शिक्षण बस. पोरगी खाली बसून एकेक पुस्तक पिशवीत घालाय लागली. रडत बी न्हाई, तेच बघवंना. वरून मनतशा जिन्यात येऊन उभी, तोंडाला ओढणी लावून.
आता पीठ कोणाचं ते मलाच ठाव ना. रोज भाकरी कोण थापतं? गप बसले असते तर पोरीची खोली गेली असती. म्हणलं, मल्लू, पीठ माझं हाय. मी खेळते.
तो हसला बी न्हाई. आई, तिला वाचवू नको. तुला टीव्हीचा रिमोट कळत न्हाई.
हे मात्र लागलं. रिमोट कळत न्हाई! म्हणलं आण इकडं. फतकल मारून बसले, पदर खोचला. पांढऱ्या दोन घातल्या, तांबडी गवताकडं पळाली, तिला आडवी जाऊन वळवली, करडं मागनं आली. काळीनं दाराशी पाठ फिरवली. मल्लू म्हणला, दाब की बटण. म्हणलं थांब, शेळीतलं तुला काय कळतं? हात सोडून बसले. आली आत.
वर बघितलं तर मल्लू तोंड उघडं टाकून. कमरुन्निसा जिन्यावरून ओरडली, अरे बेटा, अख्खा महिना हेच चालू हाय! दो बार भाजी जली, एक बार कुकर! मग तो जो हसाय लागला तो डोळे पुसत खालीच बसला. म्हणला, आता कळलं नंबर का घसरला. करपलेल्या भाजीवर कोण डॉक्टर होईल?
खोली राहिली.
पण निकाल असा झाला की मशीन आजपासून शिवूच्या राखणीत. मला द्यायची न्हाई. आज्जीनं दिवसभर नीट काम केलं अन तुझा अभ्यास झाला, तरच तिला अर्धा तास. जाताना चार्जर बी तिच्याच हातात दिला. घ्या! ज्या पोरीपासून राखायची तिच्याच हाती किल्ली. पुरुषांना राखणीतलं काही कळत न्हाई.
तो गेल्यावर पोरगी माझ्या गळ्यात पडून जी रडली, जी रडली. आज्जीची अशी फजिती झालेली तिला सहन झाली न्हाई. मी पाठीवरून हात फिरवला. म्हणलं, होतं असं, तू मनाला लावून घेऊ नको.

५ फेब्रुवारी, सांजवेळ
पोरगी बापापेक्षा कडक. आधी फिजिक्सचे दोन धडे तिचे, मग माझी बीपीची गोळी, मग मशीन. घड्याळ समोर ठेवून बसती. मी मधूनच विचारते, झाले का गं धडे? आता मीच तिला अभ्यासाला हाणून राहिले.
आज गेममधी नवीन वाडगं आलं. अन वाडग्याच्या दाराशी एक म्हातारी. हिरवं लुगडं, हातात काठी, ज्वारीच्या पोत्याला टेकून बसलेली. राखणीला ठेवलीय म्हणं. मी एकेक करून सगळ्या शेळ्या आत घातल्या, अन ही बाई घोरायला लागली! तोंड उघडं. शेळ्या तिच्या नाकासमोरून एकेक बाहेर. काळीनं तर जाता जाता तिचा पदर चावला. मधीच एकदा दचकून उठली, काठी आपटली, हातांची घडी घालून ऐटीत इकडं तिकडं बघितलं, जसं काही सगळं जागच्या जागी हाय, अन परत झोपली.
लई राग आला. शिवूला म्हणलं, असली म्हातारी राखणीला ठेवतं कोण?
ती पुस्तकातून वर न बघता म्हणली, कशी पाहिजे होती आज्जी?
म्हणलं, माझ्यासारखी. डोळ्यात तेल घालून बसणारी.
पोरीला एकदम ठसका लागला. पाणी प्यायला म्हणून वर मनतशाकडं पळाली. माठ तर इथंच होता. वरून दोघींचं खिदळणं ऐकू येऊन राहिलं, अन इकडं अर्धा तास सरला, अन माझ्या सगळ्या शेळ्या बाहेर.