चोवीस रुमाल आणि गुलाबपाणी

१ ऑगस्ट, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. जबाबदारीच तशी आलीये. सूसच्या सोसायटीवाल्यांनी त्यांच्या कला महोत्सवात आमच्या चांदे गावच्या गजीमंडळाला, म्हणजे धनगरी नाचाच्या मंडळाला, बोलावलंय. रविवारी, तेरा तारखेला. खरं स्टेज, लाइटिंग, सगळं. ढोलाभोवती बारा जणांचं रिंगण, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत रुमाल, आणि सगळ्यांत पुढे आबा, माझे वडील. त्यांना त्र्याहत्तरावं लागलं. गुडघे गेलेत. म्हणतात, एकडाव मोठ्या लोकांम्होरं नाचतो, मग मी आन माझी मेंढरं.

मला गजीत कधी घेतलं नाही. पाय चुकतात म्हणे. ठीक आहे. पण सगळीकडे डोळ्यांची साथ आहे आणि कंपनीत मी हाउसकीपिंग सुपरवायझर. फर्स्ट एडचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालंय, सर्टिफिकेट आहे. मंडळाचा आरोग्यप्रमुख मीच, असं जाहीर केलं. कुणी विरोध केला नाही. कुणी ऐकलं नसावं.

३ ऑगस्ट, गुरुवार
महोत्सव बघणाऱ्या स्वरदा मॅडमचा मेसेज. डोळे लाल असतील तर येऊ नका, आपापला रुमाल वापरा, हात धुवा, डोळ्यांना हात लावू नका. बास? एवढ्या मोठ्या सोसायटीला चारच ओळी सुचल्या? मी एकोणीस कलमं काढली. आबांना वाचून दाखवली. सहाव्या कलमाला घोरायला लागले.

उजवा डोळा जरा चुरचुरतोय. ऑफिसचा एसी.

५ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी ७
तालीम देवळाच्या मंडपात. मुख्य धोका माझ्या लगेच लक्षात आला. रुमाल! घाम आला की गडी त्यानेच तोंड पुसतात. चोवीसच्या चोवीस गोळा केले. बादलीत कोमट पाणी, गुलाबपाण्याच्या तीन बाटल्या, वर तुळशीची पानं. सगळे एकत्र भिजवले, स्वतःच्या हाताने पिळले, एकेकाला वाटले आणि म्हटलं, डोळ्यांवरून फिरवा. ढोलवाला भैरू बिचकला. म्हणून आधी मीच दोन्ही डोळे नीट पुसून दाखवले आणि तो रुमाल परत बादलीत टाकला. मग सगळ्यांनी पुसले. लई गार वाटतंय म्हणाले.

आबा म्हणाले, बरं केलंस जालिंदर. असं ते मला याआधी कधी म्हणाले होते, आठवत नाही. आता रोज करायचं.

७ ऑगस्ट, सोमवार
सकाळी पापण्या चिकटल्या होत्या. झोप गाढ लागली असणार.

उज्वला म्हणाली, अवो, डोळा बघा आरशात, टोमॅटोवानी झालाय. मी म्हटलं, जागरण. ती म्हणाली, नऊला तर घोरत व्हता. बायकोशी वाद नको म्हणून गॉगल लावला. आरोग्यप्रमुखाला शोभतोही.

९ ऑगस्ट, बुधवार
भैरूचे डोळे आले. कलम चार मोडलं असणार, डोळ्यांना हात लावू नये. देवाशपथ न्हाई म्हणतोय. ढोल पुतण्याकडे दिला. गुलाबपाणी डबल केलं.

१० ऑगस्ट, गुरुवार
नाचणाऱ्यांपैकी चौघांचे डोळे आले. लोकांना शिस्तच नाही! उरले आठ. आबा म्हणाले, आठात रिंगण व्हतंय, काळजी करू नगं. मी कडक धोरण स्वीकारलं. उद्यापासून रुमाल सकाळ-संध्याकाळ दोनदा.

१२ ऑगस्ट, शनिवार
उरले तीन.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. फक्त मंडळातर्फे माहिती घ्यायला. त्यांनी आधी माझा गॉगल काढायला लावला. किती दिवस झाले, विचारलं. मी एसीचं सांगितलं. मग बादलीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

घरी आलो. उज्वला म्हणाली, सगळ्यांचे डोळे तुमी एका बादलीत कालवले. मी म्हटलं, आबांचे अजून चांगले आहेत.

तिघांचं रिंगण होत नाही. आबा म्हणाले, ढोल तर वाजू दे, मी एकटा नाचतो. देवा, त्यांचे डोळे तेवढे राहू देत. बाकी काही मागत नाही. बादली फेकून दिली.

१३ ऑगस्ट, रविवार, सकाळी ६:४०
आबा कधीचेच तयार. पांढरंशुभ्र धोतर, लाल फेटा. ओट्यावर बसलेत.

डावा डोळा लाल आहे.

सकाळी ९
मी म्हटलं, आबा, माझा गॉगल लावा, कुणाला कळतंय. ते म्हणाले, तितं बारकी पोरं असत्यात जालिंदर. आणि फेटा सोडला. सावकाश गुंडाळून उज्वलाकडे दिला.

एरवी एक मेंढरू चुकलं तरी माझा उद्धार करतात. आज नाही. शिव्या द्या की, म्हटलं. तर म्हणाले, तू काय मुद्दाम केलं व्हय? मला तिथं उभं राहवेना. कुठे जावं तेही सुचेना. न्हाणीत जाऊन बसलो.

स्वरदा मॅडमना फोन केला. आमच्याकडे सगळ्यांना साथ लागली म्हटलं. कशाने, ते नाही सांगितलं. काळजी घ्या म्हणाल्या.

२० ऑगस्ट, रविवार
सगळ्यांचे डोळे बरे. आणि सकाळीच मॅडमचा फोन! पुढच्या वर्षी नक्की या, पहिला कार्यक्रम तुमचाच. मी पळतच मेंढरांकडे गेलो. आबा खाली बसून एका मेंढीचा खूर बघत होते. सगळं सांगितलं. आता वर्षभर हातात आहे, प्लॅनिंग नीट करतो, प्रत्येकाचा रुमाल वेगळा, मी कशालाच हात लावणार नाही. ते ऐकत होते. मग उठायला गेले, गुडघा धरून परत बसले. मी हात दिला. त्यांनी धरला, पण उठले नाहीत.

म्हणाले, नाचतील की पोरं पुढल्या साली.

मी म्हटलं, आणि तुम्ही?

म्हणाले, मी त्या रविवारी नाचलो असतो.