अडीचवर

चेन्नई, ८ जून २००९

प्रिय धनराज,

तरी चूक माझीच, असंच तू अजून म्हणणार. मी फोनवर एवढंच बोललो होतो, अडीचवर चाललं पाहिजे. म्हणजे पायथन प्रोग्रामिंगच्या अडीच आवृत्तीवर, तिच्यावरच. तू ऐकलंस अडीचच्या वर, आणि बसलास नव्याकोऱ्या तीनमध्ये लिहीत. आता इथं बँकेच्या कॉम्प्युटरवर मी रोज तुझं प्लगइन टाकतो आणि रोज ते पहिल्याच ओळीला मान टाकतं.

प्लगइन ज्याला जोडायचं ते बँकेचं पहाऱ्याचं सॉफ्टवेअर स्वतःचं पायथन पोटात घेऊन बसलंय, ते अडीच. बदलता येत नाही, आणि तीनमधलं लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. तुझी फाइल जेसन नावाचं मॉड्यूल मागते, अन् अडीच निघालं तेव्हा ते त्यात नव्हतंच. बाहेरून आणायला बंदी. प्लगइनची तेवढी फाइल तपासून आत घेतात, बाकी पेनड्राइव्हसुद्धा दारावर काढून ठेवायचा. मी प्रिंटचे कंस काढून बघितले. एक चूक मिटवली की खाली दुसरी उभी. तुला माहीत आहे, मी नववीतून उठलेला, इंग्रजी अजून अक्षर जुळवत वाचतो. नाशिकरोडच्या सायबर कॅफेत तू सांगायचास अन् मी टाइप करायचो, तेवढंच माझं शिक्षण. साहेब तमिळमध्ये चिडतात ते बरं, निम्मं कळत नाही. पण परवा मुद्दाम हिंदीत म्हणाले, महिनाअखेरपर्यंत चाललं नाही तर घरी जा. घरी म्हणजे दिंडोरीला, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दुसऱ्याच्या द्राक्षांत. तिकडं आई गावभर सांगतेय, आमचा चंदर बँक राखतो.

त्या दिवशी मी तुला म्हणालो, मराठी तरी कळतं का रे तुला? तू म्हणालास, "मग तुझं तूच लिही," आणि फोन ठेवलास. तो आजपर्यंत उचलला नाहीस. मेलला उत्तर नाही. सरितावहिनींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, ते अंघोळीला गेलेत. तीनदा केला, तिन्ही वेळा अंघोळ.

म्हणून हे पत्र कुरिअरने. भांडण मिटव म्हणत नाही. भांड लेका, पण इथं येऊन भांड. दुरुस्त केलेली फाइल नुसती पाठवू नकोस. उद्या ती परत अडली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? खोलीत तुझ्यासाठी गादी आणलीय. साहेबांना सांगून बसलोय की लिहिणारा माणूस नाशिकहून निघालाय. तू आला नाहीस तर माझं इथं संपलं. तिकिटाला मनीऑर्डर केलीय, आठशे रुपये.

तुझाच,
चंदर