पहिले तीन नंबर

२ जून
आले एकदाची बीदरला! आईने धपाटे इतके बांधून दिले की अख्ख्या कारखान्याला पुरले. इथे डाळ मिलच्या यंत्रांचे सुटे भाग बनतात. धाकटा भाऊ नागसेन इथेच पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे, म्हणून परकं वाटत नाही. माझं काम भागांना नंबर द्यायचं. मालक शिवशंकर अप्पा सांगत होते, एकाच पट्टीला मराठीत एक नाव, कन्नडात दुसरं, उर्दूत तिसरं. परवा आळंदच्या गिऱ्हाइकाला भलताच माल गेला.

५ जून
ओपन सोर्सची प्रणाली बसवली, नियम मीच लिहिले. एकदा दिलेला नंबर कधीच खोडता येणार नाही, मलासुद्धा. नाहीतर तोच नंबर दुसऱ्याला लागून जुन्या ड्रॉइंगवर नवाच भाग बनून बसायचा. नावातली चूक तेवढी दुरुस्त होते. चाचणीला गमतीत माणसंच टाकली: १ वेल्डर अनिलकुमार, २ झाडलोटवाल्या रुद्रम्मा, ३ नागसेन. रुद्रम्मा भडकल्या. "माणसाला कामून नंबर द्यायलीस, अक्का? असं करू न्हाई." मी हसण्यावारी नेलं. नावं राहिली तशीच.

१९ जून
सहाशे भाग झाले, अप्पा खूश. सकाळी नंबर एकसमोर, अनिलकुमारच्या, 'चालू' जाऊन 'बाद' आलेलं. भाग बनवायचा बंद केला की तसं लिहितात. कुणाचा तरी चावटपणा म्हणून सगळ्यांना दम भरला. दुपारी अनिलकुमारला शॉक बसला. दवाखान्यात नेताना वाटेतच गेला.

२३ जून
आज नंबर दोनही 'बाद'. बघताच पळत सुटले. रुद्रम्मा भिंतीला टेकून बसलेल्या, हातात झाडू. अंग अजून ऊन होतं.
बदल कुणी केला, तेही प्रणाली लिहून ठेवते. तिथे माझं नाव आहे. मी नाही केला. आईशप्पथ नाही.

२४ जून
नागसेनला म्हटलं, आजच घरी जा, खजुरीला, आईकडे. तो म्हणतो, तायडे, यडी झालीस काय. पाया पडले त्याच्या, धाकट्या भावाच्या. तेव्हा कुठे गेला.
त्याचा नंबर तीन खोडता येत नाही. संगणकच पुसून टाकला. पण यादीच्या प्रती गिऱ्हाइकांच्या संगणकांवरही आहेत, तिथून सगळं परत आलं.

२५ जून, सकाळ
३ — 'तपासणीत'. त्या दोघांनाही आधी हेच आलं होतं, जुन्या नोंदीत आहे.
नाव बदलता येतं. 'लोखंडी पट्टी' लिहिलं — घेत नाही. 'दगड' — नाही. अप्पांचं नाव लिहिलं. लगेच घेतलं. तशीच परत नागसेन केलं. त्यांनी काय बिघडवलंय माझं —

नागसेनचा फोन. छातीत कसंतरी व्हायलंय म्हणतो. मागे आई रडत होती —

नंबर मी दिला. चूक माझी.
माझं नाव लिहिलं. प्रेरणा.
घेतलं.

आईचा फोन. उठून बसला! भूक लागली म्हणतो. जेव रे बाबा, पोटभर जेव —

माझ्या नावासमोर 'बाद' —
आई विचारायली, आवाज कामून असा येतोय तुझा. म्हटलं काही नाही गं, जरा