जतच्या विहिरीतलं पान

गुरुजी, जतच्या विहिरीतलं तुमचं पान सापडलं. म्हणजे अर्धं. उरलेलं अर्धं मी घालवलं होतं, हे तुम्हांला सांगायचं राहून गेलं, आणि पुढे तुम्हीच राहिला नाहीत, त्याला तीस वर्षं झाली.

लढाईचे दिवस होते. सांगलीच्या शाळेत तुम्ही विज्ञान शिकवायचा आणि मी, तुमचाच जुना विद्यार्थी, संस्कृतचा नवा मास्तर म्हणून लागलो होतो. सुट्टीत तुम्ही मला जतला नेलंत. तिथे विहीर खणताना पाटीसारखा थरांचा दगड निघाला होता. तुम्ही छिन्नी लावता, हलका टोला देता, आणि दगड पोथीसारखा उघडतो: एकीकडे शिरांसकट पान, दुसरीकडे त्याचा ठसा. खणणारा म्हातारा वाकून बघतो.

"आवं गुर्जी, पानच पायजे तर झाडं काय कमी हायत व्हय?"

"हे झाड तळ्याकाठचं आहे, बाबा. माणूस जन्मायच्या आधीचं."

"तळं? जतला?" म्हातारा हसून हसून खालीच बसला.

ठसा तुम्ही ठेवलात, पान मला सांभाळायला दिलंत. "पाणी लावू नकोस. थर सुटतील." घरी आईनं ते पिंपळपान ठरवून देव्हाऱ्यात ठेवलं. आणि देव्हाऱ्यातल्या दगडाला अंघोळ चुकवायची, हे आमच्या घरात कोण बोलणार? आठव्या दिवशी ताम्हनात चिखल.

"पान बरं आहे ना रे?" तुम्ही शाळेत विचारायचा. "आहे की, गुरुजी." शेवटच्या आजारातही तुम्ही तेच विचारलंत, मीही तेच सांगितलं. सत्यावरची सुभाषितं वर्गात शिकवताना माझा आवाज त्यानंतर जरा बसकाच लागायचा.

गेल्या आठवड्यात तुमच्या मुलीनं साताऱ्याला बोलावून तुमची ट्रंक उघडली. जुन्या उत्तरपत्रिकांत गुंडाळलेला ठसा निघाला, शीरनशीर शाबूत. मी रडवेला होऊन सगळं सांगितलं, तर ती हसायला लागली. "अहो, बाबांना ठाऊक होतं. तुमच्या आईच सांगून गेल्या होत्या, देव विरघळला म्हणून. बाबा म्हणाले, बघू या, पंडित कधी कबूल होतो ते."

म्हणजे तुम्ही विचारत होतात ते माझी गंमत करायला! गुरुजी, त्या रात्री मी कित्येक वर्षांनी गाढ झोपलो.

हे पत्र तुमच्या मुलीला वाचायला देता आलं असतं. देणार नाही. तिच्यासमोर मी सगळं आईवर ढकललंय. पहिल्या दिवशी पूजेला मीच बसलो होतो, आणि पुरुषसूक्त म्हणत पानावर पहिली पळी मीच सोडली.