सातव्या भागात माझं निधन

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आईची भूक आणि आवाज दोन्ही ठणठणीत असतील असं धरून चालतो. मी ठीक आहे. फक्त मंगळवारी सकाळी साडेअकराला वारलो.

म्हणजे डबिंगमध्ये. मला मिळालेलं ते जपानी अ‍ॅनिमे (कार्टून म्हणू नकोस, तुझ्या लेकीला राग येतो) तुम्ही बघताच. त्यात मी पांढऱ्या दाढीचा गुरू. बारा वर्षं साबणाच्या आणि पंख्यांच्या जाहिरातींत ओरडल्यावर ही पहिलीच खरी भूमिका, तेव्हा ती शेवटपर्यंत टिकावी एवढीच माझी इच्छा. पण तिथले कायदे कडक. हिरो सोळा वर्षांचा, आईबाप नसलेला, वर्गात खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसणारा. (त्याला आवाज देणाऱ्या बाई बावन्न वर्षांच्या आहेत आणि चहाच्या सुट्टीत सुनेची गाऱ्हाणी सांगतात.) मारामारीत जो तो आधी आपल्या डावाचं नाव ओरडून सांगतो, मग डाव टाकतो, आणि शत्रू तोवर शिस्तीत उभा राहतो. आणि ज्याने आपलं बालपण सांगायला घेतलं, त्याचं आटोपलंच म्हणून समज.

आम्हाला संवादांचे कागद त्या त्या दिवशीच मिळतात. मंगळवारच्या कागदावर माझी पहिलीच ओळ होती, 'मी तुझ्याएवढा होतो तेव्हा...' मग मी चलाखी केली. ती आठवण इतक्या खणखणीत आवाजात सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, हा बाबा आणखी चाळीस भाग काही हलत नाही. दिग्दर्शिका काचेपलीकडून म्हणाली, "काका, तुम्ही मरताय. लग्नाचं आमंत्रण देत नाही आहात." दहा वेळा मेलो. अकराव्या वेळी ती खूश झाली. वर समजूत घातली की हिरो दर भागात मार खाऊन पडतो आणि पडला की त्याला गुरू आठवतो, तेव्हा जिवंतपणापेक्षा मेल्यावरच काम जास्त. त्यामुळे माझं तसं बरं चाललं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे. सातवा भाग पुढल्या शुक्रवारी सहाला लागेल. आई तिथे केवळ माझा आवाज ऐकायला बसते, हे मला ठाऊक आहे. तिला त्या वेळी कुठेतरी घेऊन जा, टीव्हीची वायर काढ, भाऊजींना गुडघा धरून कण्हायला सांग, पण माझं मरण तिच्या कानावर पडू देऊ नकोस. मला ते सहन होणार नाही.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहून खिशातच राहिलं आणि शुक्रवार होऊन गेला. आईचा फोन आला. रडली बिडली नाही. म्हणाली, "अरे, एवढं शहाणपणाचं बोलणारा त्यात टिकत नाही, हे मला तिसऱ्या भागातच कळलं होतं. पण मरताना खोकलास ना, ते नाटक नव्हतं. इतकं चांगलं तुला करता येत नाही." ताई, तो खोकला खरंच कागदावर नव्हता. दीड महिना झाला, तो जात नाही, भीतीने कुणाला बोललो नाही, आणि फोनवर अजूनही बोलवत नाही, म्हणून हेच पत्र टाकतो. तुमच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेव. मी रविवारी येतो.