धवल्यातलं नाव

११ जानेवारी

रेकॉर्डिंग झालं एकदाचं! आर्यनचा स्टुडिओ विठ्ठलवाडीला — बंद कारखान्याच्या माळ्यावर भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. त्याला हळदीसाठी गाणं हवं होतं. खाली ढोलकी आणि बास, वर आमचा आगऱ्यांचा खरा धवला, हळदीला म्हणायचं लग्नाचं गाणं. आधी कलावती आत्याला विचारलं. तिच्यासारखी धवलारीण आख्ख्या डोंबिवलीत नाही. आमच्यात भटजी मंत्र म्हणतो, पण धवलारीण गायल्याशिवाय जुनी माणसं लग्न लागलं म्हणतच नाहीत. आत्यानं नुसता हात हलवला. "तूच गा." मग मीच गायले.

धवल्यात नवरा-नवरीचं नाव घ्यावंच लागतं. इथे कुठले नवरा-नवरी! आर्यन म्हणाला, "टाक ना कायपण, नंतर बदलू." मी माझंच टाकलं. आणि नवरा म्हणून समोर ढोलकी घेऊन बसलेला सूरज. संचिता आणि सूरज! सगळे हसलो.

२ फेब्रुवारी

आर्यननं नावं न बदलताच गाणं सोडलं. "अगं विसरलो यार, पण काय बसलंय बघ!" गाढव.

२० फेब्रुवारी

कल्याणची कुणी पोरगी हळदीचं ताट डोक्यावर घेऊन नाचली आणि पेटलंच. रीलवर रील! मी दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला. आज एक पेशंट सुजलेला गाल धरून विचारतो, "मॅडम, तुम्हीच का त्या?" फार बरं वाटलं. लपवत नाही.

९ मार्च

सूरजची बायको त्याच्याशी बोलत नाही. ढोलकी गच्चीवर नेऊन ठेवलीये म्हणे.

३० एप्रिल

मितेशशी साखरपुडा झाला. भिवंडीचा आहे. मला आवडतो, लिहूनच टाकते. आणि डीजेनं आज काय लावावं? आमचंच! मांडवभर संचिता-सूरज, संचिता-सूरज. मितेशच्या आईचा घास हातातच राहिला. तो हसला, पण कान लालेलाल.

आत्या आली होती. एक ओळ गायली नाही. निघताना मला जवळ ओढलं. "नाव घेतला तं लगीन लागला. परत कसा लावू?" इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू आलं. आत्या रागावली की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. हळू बोलली म्हणजे हा राग फार मोठा!

६ मे

आत्याकडे गेले. एकटीच राहते. ओट्यावर बसली होती, पुढ्यात कोमट पाण्याचा तांब्या. पाया पडले, रडले, चुकले म्हटलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

पप्पा म्हणतात, "ताई यंदा कोणाचंच लगीन घेत नाय. तुझ्यापायी गावाची पंचाईत." माझ्यापायी! एका नावापायी!

११ जून

मितेशचं नाव घालून गाणं परत केलं. कुत्रं ऐकत नाही. लोक जुन्यालाच चिकटलेत.

५ सप्टेंबर

मोठ्या कंपनीचं हिंदी गाणं आलं. मध्ये आमचा तुकडा जसाच्या तसा, नावांसकट. आर्यन नाचतोय. खाली कमेंटमध्ये लोकांचं काय चाललंय वाचलं — कुणी म्हणतं संचिता-सूरज ही कोकणातली जुनी प्रेमकथा आहे, दोघांनी खाडीत जीव दिला! मी इथे जिवंत बसून भेंडी चिरतेय.

२६ सप्टेंबर

ठाण्यात नवरात्रीच्या स्टेजवर गायले. नावाची जागा आली, मी "मितेश" म्हटलं. समोरून हजार तोंडं ओरडली — "सूरज!" कशीबशी संपवून उतरले. मितेश आला होता. घरी सोडताना बाइकवर म्हणाला, "मीच नाव बदलून घेऊ का?" मी हसले आणि मग रडतच सुटले. आत्या नाही गायली तर माझं लग्न गावाच्या दृष्टीनं लागलेलंच नाही. आणि माझ्याही. हे त्याला कसं सांगू?

१२ ऑक्टोबर

वर्षातलं गाणं म्हणून ट्रॉफी मिळाली. सरळ आत्याकडे नेली. तिनं पदरानं पुसली, देव्हाऱ्याशेजारी ठेवली. माझ्या गालावरून हात फिरवला. म्हटलं, माझ्या लग्नात गाशील ना? मान खाली. हा राग तरी कुठला!

४ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. दरवर्षी आत्या गाते. आज हात जोडून बसून राहिली. शेवटी पोरांनी स्पीकरवर माझं गाणं लावलं. तुळशीलाही सूरज!

२० नोव्हेंबर

मितेशची आई म्हणाली, दुसरी धवलारीण बघा. पप्पांनी भिवंडीपर्यंत फोन फिरवले. सगळ्यांचं एकच. "कलावतीबायची भाची ना? ती लावत नाय तं आमी कशा लावू?" क्लिनिकमध्ये आज दोन पेशंटना एकच वेळ दिली. डॉक्टर ओरडले. ओरडू देत.

११ डिसेंबर

आत्याचा निरोप आला. हळदीला येणार! पप्पांना विचारलं, गाईन म्हणाली का? "तसं काय बोलली नाय." घरात नुसती फेऱ्या मारतेय. आई म्हणते बस गं एका जागी. कशी बसू?

१३ डिसेंबर

आत्या माझ्या पाटाशी बसली. तोंड उघडलं — नुसता वारा. परत उघडलं. वारा! मग कानाशी कुजबुजली — गेल्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतर तिचा गळा गेलाय. कोणाला म्हणून सांगितलं नाही. राग नव्हताच कधी, नावाचं नुसतं निमित्त. डोळे भरलेले, आणि माझ्या हळदीच्या हातावर बोटांनी ताल धरून बसली. मग मीच गायले, तोंडाला हळद तशीच. नावाची जागा आली. मितेशचं नाव घेतलं. माझं लग्न मीच लावलं.

आत्याचे ओठ हलले. "आता लागला."